दीर्घसूत्री

गेल्या चातुर्मासात श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाचे निरूपण चालू असता एका तरुण भिक्षूने शंका विचारली. तामस कर्त्याची लक्षणे सांगताना भगवान श्रीकृष्ण महाराजांनी 'अलस' हा शब्द योजला आहे आणि त्याच श्लोकात पुढे 'दीर्घसूत्री' हाही योजला आहे. दोहोंचा अर्थ आपण 'आळशी' असाच सांगतो. मग श्रीमुखीच्या वचनात ही द्विरुक्ती कशी? त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते माझे मलाच पुरेसे वाटले नाही. 'पुढे केव्हातरी विस्ताराने पाहू' असे म्हणून मी पोथी बांधली. आणि आसनावरून उठता उठता ध्यानात आले की, दीर्घसूत्री कोणास म्हणावे हे आपण शब्दाने सांगण्याऐवजी करूनच दाखविले. त्या ऋणाची फेड म्हणून हा लेख.

द्विरुक्ती नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. अलस म्हणजे ज्याचे अंग कर्मास वळतच नाही तो. त्याला कर्तव्याची टोचणीही फारशी नसते. दीर्घसूत्री तसा नव्हे. त्याला कर्तव्य ठाऊक असते, ते करावयाचे आहे असा त्याचा निश्चयही असतो, आणि पुष्कळदा तो दिवसभर कामात गढलेला असतो. तो फक्त ते एक कर्म आज करीत नाही. आद्य शंकराचार्यांचा आणि आपला सिद्धांतभेद प्रसिद्ध आहे. तथापि या शब्दावरील त्यांचे भाष्य मार्मिक आहे हे मान्य करण्यास प्रत्यवाय नाही. जे आज किंवा उद्या व्हावयाचे, ते ज्याच्या हातून महिन्यानेही होत नाही, तो दीर्घसूत्री, असा त्यांचा आशय आहे. दीर्घ म्हणजे लांब, सूत्र म्हणजे दोरा. दोरा लांबतच जातो, विणकर मात्र मागावर बसत नाही. जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण सूत्रपाठाचे अनुयायी. सूत्राचे लक्षणच असे की अक्षरे थोडी आणि अर्थ बहुत. सूत्र लांब करणे हे आपल्याला तर नावानेही शोभणारे नाही.

आता त्या श्लोकातील शब्दांचा क्रम पाहावा. 'अलस' याच्यानंतर लगेच 'दीर्घसूत्री' आलेला नाही. मध्ये 'विषादी' हा शब्द आहे. ही केवळ छंदाची सोय असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. दीर्घसूत्रीपणाची खरी सोयरीक आळसाशी नसून विषादाशी आहे. पाठांतराला बसावयाचे आहे, पण सर्व पाठ होईल की नाही याची धास्ती वाटते. म्हणून साधक आधी पोथीचे बासन बदलतो, मग पाने लावतो, मग लेखणी शोधतो. गृहस्थ उपदेशी म्हणतो, मुलीचे लग्न उरकले की नित्य पारायण धरीन. नंतर म्हणतो, नोकरीतून निवृत्त झालो की धरीन. यांना आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. मुलीच्या लग्नासाठी तोच गृहस्थ रात्रीचा दिवस करतो. भीती त्याला पारायणाची वाटत नाही, अपुऱ्या पारायणाची वाटते. आपल्या हातून नीट होणार नाही, आणि नीट न झाले तर आपली योग्यता उघडी पडेल, या कल्पनेने तो कर्मापासून दूर राहतो. हा विषादच होय, जरी तो मोठ्याने रडत नसला तरी.

गीतेचा आरंभ विषादानेच झाला आहे. पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्य टाकून रथात खाली बसतो. अठराव्याच्या शेवटी तोच अर्जुन, संदेह गेला, मी उभा आहे, असे सांगतो. बसलेला मनुष्य उभा राहिला, एवढ्यासाठी एवढे शास्त्र सांगावे लागले! या मधल्या भागात भगवंतांनी 'ऊठ' ही आज्ञा चार वेळा केली आहे: दुसऱ्या अध्यायात दोनदा, चौथ्याच्या अखेरीस एकदा आणि अकराव्यात विश्वरूपप्रसंगी एकदा. त्यांपैकी पहिली आज्ञा मला नेहमी विचारात पाडते. ती दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकात आहे. आत्म्याचे निरूपण तर अकराव्या श्लोकापासून सुरू होते. म्हणजे काहीही ज्ञान सांगण्यापूर्वी देवाने 'ऊठ' म्हटले. ज्ञान पुरे झाले की मग उठावे, हा क्रम भगवंतांचा नव्हे. तो आपला आहे. अर्जुन त्या आज्ञेने उठला नाही, उलट लढणार नाही असे म्हणून गप्प बसला, हेही खरे. पण देव त्यावर रागावले नाहीत. त्यांनी कारण सांगितले, पुन्हा 'ऊठ' म्हटले, पुन्हा कारण सांगितले. जे अध्यापक आणि महंत शिष्याला एकदाच सांगून त्याच्या नावाने हात झटकतात, त्यांनी हा क्रम पाहून ठेवावा.

येथे आपल्यातील विचारवंत भिक्षू आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप हलका नाही. बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताचे आणि चौदाव्यात गुणातीताचे लक्षण सांगताना भगवंतांनी 'सर्वारंभपरित्यागी' असा शब्द घातला आहे. ज्याने सर्व आरंभच टाकले तो श्रेष्ठ, असे असता आरंभ करा असा उपदेश संन्याशाने का ऐकावा? याचे उत्तर चौदाव्या अध्यायातच आहे. तेथे कर्मांचा आरंभ हे रजोगुणाचे चिन्ह म्हटले आहे, आणि त्याच्या शेजारी लोभ, अशांती, स्पृहा ही मंडळी बसविली आहे. तेव्हा टाकावयाचा आरंभ तो हा: हे मिळवीन, मग ते मिळवीन, अशी स्वतःसाठी मांडलेली खटपट. गुणातीत हा आरंभ टाकतो, कारण तो रजाच्या वर गेलेला असतो. दीर्घसूत्री रजाच्या खाली, तमात पडलेला आहे. दोघेही बाहेरून स्वस्थ बसलेले दिसतात. डोंगराच्या माथ्यावर पोचून थांबलेला आणि पायथ्याशीच बसकण मारलेला, दोघेही चालत नाहीत; म्हणून दोघांची गती एक होत नाही. स्मरण, अटन, भिक्षा, शास्त्राचे श्रवण हे स्वार्थाचे आरंभ नव्हेत, ती स्वामींची आज्ञा आहे. आज्ञेला 'सर्वारंभपरित्याग' दाखवून टाळणारे भिक्षू मी पाहिले आहेत. भोजनाचा आरंभ मात्र त्यांनी कधी टाकलेला पाहिला नाही.

विलंब सर्वत्रच निंद्य आहे असेही नाही. महाभारताच्या शांतिपर्वात दीर्घसूत्र नावाच्या माशाची गोष्ट आहे. कोळी तळ्याचे पाणी उपसू लागले तरी तो जागचा हलला नाही आणि मेला. परंतु त्याच पर्वात चिरकारीचीही कथा आहे. गौतमाने क्रोधाच्या भरात मुलाला मातृवधाची आज्ञा केली आणि तो वनात निघून गेला. मुलगा स्वभावानेच सावकाश. पित्याची आज्ञा थोर की मातेचे प्राण थोर, याचा विचार करीत तो शस्त्र घेऊन बसून राहिला. इतक्यात पित्याचा राग ओसरला, तो पश्चात्तापाने धावत परत आला, आणि माता जिवंत पाहून त्याने मुलाच्या त्या मंदपणाचीच स्तुती केली. तेव्हा ज्या कृतीने दुसऱ्यास दुःख होईल, जी रागाने सुचली असेल, तिच्यात खुशाल उद्या म्हणावे. आपण बहुधा याच्या उलट करतो. कठोर शब्द तत्क्षणी बोलतो आणि क्षमेचे पत्र सहा महिने लिहीत नाही.

आपल्या परमार्गाच्या इतिहासात आरंभाचे जे थोर उदाहरण आहे, ते म्हाइंभटांचे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे गेल्यानंतर नागदेवाचार्य रिद्धपूर येथे वाजेश्वरीला बसून लीळांचे मनन करीत असत. म्हाइंभटांनी ते पाहिले, विचारले, आणि लीळा ग्रंथनिबद्ध करण्याची अनुज्ञा मागून घेतली. ती तेराव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. त्या काळी ज्यांच्या समक्ष लीळा घडल्या ती माणसे हयात होती, पण विखुरलेली होती आणि वृद्ध होत चालली होती. म्हाइंभट गावोगाव त्यांच्याकडे गेले, ऐकले, टिपले, आणि नागदेवाचार्यांकडून शोधून घेतले. म्हाइंभट विद्वान होते. सर्व सामग्री हाती आल्यावर, निवांतपणी, एखादा सर्वांगपूर्ण ग्रंथ रचू, असे म्हणणे त्यांच्या विद्वत्तेला शोभलेही असते. आणखी वीस वर्षांनी ते निघाले असते तर कितीजणांच्या दारी त्यांना उत्तर मिळाले असते? लीळाचरित्र आज मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ म्हणून विद्यापीठांत अभ्यासला जातो, तो या वेळेवर निघालेल्या पावलांमुळे.

आणि त्या ग्रंथाचे पुढे काय झाले? मूळ प्रत धाडीत गेली. नंतरच्या मंडळींनी ज्याला जे स्मरत होते त्यावरून तो पुन्हा उभा केला. त्यामुळे हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे पाठभेद झाले, आणि आम्ही अभ्यासक आजवर त्यांची तोंडमिळवणी करीत बसलो आहोत. म्हाइंभटांचा कागद नष्ट झाला, आरंभ नष्ट झाला नाही. ज्यांनी तो ग्रंथ ऐकला होता, त्यांच्या स्मृतीत तो उतरला होता. दुसऱ्या अध्यायाच्या चाळिसाव्या श्लोकात भगवंतांनी 'अभिक्रम' हा शब्द वापरला आहे. त्याचा अर्थच आरंभ. या मार्गात केलेल्या आरंभाचा नाश होत नाही, अल्प केले तरी ते मोठ्या भयातून तारते, असे तेथे आश्वासन आहे. पूर्ण केलेल्याचा नाश होत नाही, असे देव म्हणाले नाहीत; आरंभाचा होत नाही असे म्हणाले. मला हा श्लोक पाठ होता. त्याचा उपयोग मात्र मी वेळेवर केला नाही, ते आता सांगतो.

२००४ सालापर्यंत आमच्या आश्रमाजवळच्या गावी एक वृद्ध तपस्विनी राहत असत. महदाइसेचे धवळे त्यांना गुरुपरंपरेने चालीसह येत होते. गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी महदाइसेने ते तेथल्या तेथे रचून गायिले, हे आपण जाणताच. तिने शब्द जुळवावयास अवधी मागितला नाही. बाईंच्या चाली मी दोनदा ऐकल्या. छापील पुस्तकात जो छंद अडखळल्यासारखा वाटतो, तो त्यांच्या गळ्यात सरळ वाहत असे. मी त्यांना म्हटले, हे सर्व लिहून घेऊ, स्वरलिपी करू, ध्वनिमुद्रणही करू. मग मी तयारीला लागलो. स्वरलिपी जाणणारा कोणी हवा होता. चांगला टेपरेकॉर्डर हवा होता. त्याआधी मुद्रित पाठाची हस्तलिखितांशी तुलना करून शुद्ध पाठ ठरविणे मला शास्त्रदृष्ट्या आवश्यक वाटले. बाई भेटल्या की विचारीत, "दादा, आज बसता का?" मी म्हणे, "बाई, चातुर्मास होऊ द्या." चातुर्मास झाला, मग यात्रा आली, मग परीक्षा आल्या. पौषात त्या गेल्या. शुद्ध पाठाची माझी वही त्या वेळी निम्मी झाली होती. ती आजही माझ्यापाशी आहे, आणि तिच्यात चाल नाही.

केसोबासांना संस्कृताचा आग्रह सोडावयास सांगताना नागदेवाचार्यांच्या डोळ्यांपुढे मार्गातील म्हाताऱ्या होत्या. त्या वंचित राहू नयेत ही त्यांची चिंता. मी शास्त्र शिकलो आणि एका म्हातारीपाशी असलेल्या ठेव्यापासून सगळ्या मार्गाला वंचित केले. आळसाने नव्हे. त्या वर्षी मी कधी नव्हे इतके काम केले होते. अलस आणि दीर्घसूत्री यांतील भेद मला कोशावरून कळलेला नाही.

यावर उपाय विचारणाऱ्या साधकांस मी अठराव्या अध्यायातीलच दुसरे वचन दाखवितो. अठ्ठाविसाव्या श्लोकात रोग सांगितला. अठ्ठेचाळिसाव्यात, अग्नी जसा धुराने तसे सर्वच आरंभ दोषाने वेढलेले असतात, असे सांगितले आहे. चूल पेटविणाऱ्या बाईला हे सांगावे लागत नाही. ओल्या काडीचा धूर डोळ्यांत जातो म्हणून ती सरपण वाळेपर्यंत घराला उपाशी ठेवीत नाही. पहिला दिवस धुराचाच असणार, हे धरून चालावे. पाठांतर धरावयाचे तर पहिल्या दिवशी एकच सूत्र, आणि तेही याच बैठकीत, पोथीचे बासन जुने असतानाच. लिपी शिकावयाची तर एक ओळ. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे जावयाचे तर आज केवळ त्याच्या दारापर्यंत, दंडवत घालण्यापुरते. आपण असन्निधानी जीव. स्वामींचे सन्निधान आपणास नाही. त्यांचे वचन आहे, आणि आयुष्याचे किती दिवस उरले हे न कळणारा हा देह आहे.

ज्या भिक्षूने शंका विचारली होती, त्याला घेऊन मी यंदा पुन्हा निघालो आहे. आता स्वरलिपीची वाट पाहत नाही. त्याच्या भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण होते, तेवढे पुरते. आतापर्यंत तिघी वृद्ध मातांकडे बसलो. एकीचे शब्द मागेपुढे होतात, दुसरीचा आवाज खोकल्याने तुटतो, तिसरीला चारच धवळे येतात. तिघींचेही जसे आहे तसे घेतले. वाचकांपैकी कोणाच्या घरी, आश्रमात वा शेजारी धवळे, आरत्या किंवा जुनी पदे परंपरेच्या चालीवर म्हणणारी वृद्ध मंडळी असतील, तर त्यांनी संपादकांकडे कळवावे, आम्ही येऊ. आमच्या येण्यास अवकाश लागेल असे वाटले तर आपणच त्यांच्यापाशी बसून आज संध्याकाळी ऐकून घ्यावे. दंडवत प्रणाम.