बद्धमुक्त जीव आणि व्यसनत्यागातील द्विधा

मद्य सोडावे असे ज्यास वाटते, त्यासच ते सुटू नये असेही वाटते. सकाळी तो शपथ घेतो, सायंकाळी मोडतो. घरचे त्यास लबाड म्हणतात. उपदेश करणाराही बहुधा त्याच निर्णयास येतो. प्रश्न असा की, ती शपथ खोटी होती काय?

श्रीचक्रधरप्रभूंनी निरूपिलेल्या चार पदार्थांत परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध, प्रपंच अनित्य आणि जीव बद्धमुक्त होय. म्हणजे आज बद्ध, परंतु मुक्तीस योग्य. हे लक्षण ध्यानी घेतले म्हणजे व्यसनी मनुष्याची द्विधा हे ढोंग नव्हे, हे उमगते. त्याचा बंधही खरा आणि सुटण्याची ओढही खरी. मद्याने त्याचा संसार धुळीस मिळविला; पण त्याच मद्याने अंगाचा शीण विसरविला, जुने दुःख झाकले, चार सोबती दिले. ते सुटताच उघडे पडणारे ऋण, लाज आणि रिकामी सांज यांचे त्यास भय वाटते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली या द्विधेस धरूनच समुपदेशनाची एक रीत मांडली. समुपदेशक सोडण्याच्या बाजूने जितका वाद घालतो, तितका व्यसनी न सोडण्याची बाजू मांडू लागतो. आणि स्वमुखाने मांडलेली बाजूच त्याच्या ठायी दृढ होते. म्हणून सोडण्याची कारणे त्याच्याच मुखातून यावीत, असा त्या रीतीचा आशय आहे.

येथे शंका अशी : संप्रदायात मद्य निषिद्ध आहे, मग त्याची गोडी ऐकून घेणे ही संमती नव्हे काय?

समाधान : निषेध अढळच आहे. वैद्य पथ्य ढिले करीत नाही, तरी कुपथ्य का घडले हे विचारतो. न विचारता रागावला, तर रोगी पुढच्या वेळी ते लपवितो. तसेच, ऐकून घेणे म्हणजे पत्नीमुलांनी मारहाण सोसावी असे सांगणेही नव्हे. त्यांचे रक्षण आधी. शिवाय वर्षानुवर्षे अतोनात पिणाऱ्याने एकाएकी मद्य तोडल्यास झटके व भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते; तेथे डॉक्टरांचे साहाय्य अवश्य घ्यावे.

प्रायश्चित्तास अनुताप लागतो, आणि अनुताप दुसऱ्याच्या ठायी बळाने उपजविता येत नाही. शपथ मोडून आलेल्या वासनिकास आणखी एक शपथ घालण्यापूर्वी, ‘पहिली शपथ कशासाठी घेतली होती?’ एवढे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. त्या उत्तरात त्याच्यातील सुटू पाहणारा जीव बोलतो.