मुशीतून वाचलेलं सोनं

जुन्या सोन्याच्या नाण्याला मोल येतं ते वयामुळे, असं आपण धरून चालतो. ढोकीजवळच्या तेर गावी गेलं की हा हिशेब बदलतो. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातली शिशाची नाणी आहेत. वय दोन हजार वर्षांच्या आसपास, तरी जुन्या वस्तीच्या पांढरीच्या मातीत अशी नाणी गावकऱ्यांना पिढ्यानपिढ्या सापडत आली. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन मात्र १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचा, म्हणजे साडेतीनशे वर्षांचाच. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपती’, वजन तीन ग्रॅमही नाही. अस्सल म्हणून मान्य झालेले होन फार थोडे आहेत. त्याच राजाच्या नावाची तांब्याची शिवराई जुन्या बाजारात आजही ओंजळभर मिळते.

तांबं आटवून कुणाची नड भागत नाही. सोन्याला मात्र राज्य बदललं की टांकसाळ, दुष्काळ पडला की सावकार आणि लग्न निघालं की सोनार अशा तिन्ही वाटा मुशीकडेच नेतात. हे सगळीकडचंच आहे. अमेरिकेत १९३३ साली वीस डॉलरची ४,४५,५०० सोन्याची नाणी पाडली गेली. सरकारनं सोनं चलनातून काढून घेतलं आणि ती जवळजवळ सगळी वितळवली. निसटलेल्यांपैकी एक २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. किती पाडली या आकड्यावर दुर्मिळता ठरवणारे इथेच फसतात.

आपल्या भागात सोन्याचं नाणं वाचलं ते बरंचसं बायकांच्या गळ्यात, पुतळ्यांच्या माळेत. मूळची पुतळी म्हणजे व्हेनिसचा डुकाट, साडेतीन ग्रॅमचा. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकून झेंडा घेणारा तिथला राज्यप्रमुख आहे. आपल्या आज्यांनी त्या जोडीत राम-सीता पाहिले, आणि मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. पुढे इथल्याच सोनारांनी तशा पुतळ्या घडवल्या. भिंग लावून कडेची अक्षरं पाहावीत. व्हेनिसच्या नाण्यावर ती लॅटिन म्हणून वाचता येतात, सोनारी पुतळीवर बहुतेक वेळा अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके उरलेले असतात. माथ्यावर दोन्हींना सारखीच कडी, डाक लावून बसवलेली.

ही कडी दिसली की संग्राहक भाव पाडतो. लिलावाच्या यादीतही ती दोष म्हणून नोंदली जाते. मला हे पटत नाही. कडी लागली म्हणून त्या नाण्याचा दागिना झाला, दागिना झाला म्हणून ते आईकडून लेकीकडे गेलं. १९७२ च्या दुष्काळात जिथे मोडणं अगदीच अटळ झालं नाही, तिथे ते फडताळात टिकून राहिलं. बिनकडीची कोरी करकरीत नाणी त्याआधीच आटली होती. तुळजापूरच्या भवानीच्या दागिन्यांत शिवाजी महाराजांनी वाहिलेली मोहरांची माळ आहे, असं आपल्याकडे श्रद्धेनं सांगतात. देवीच्या गळ्यातलं सोनं मोडायला कुणाचा हात धजत नाही, हेही नाणी वाचण्याचं एक मोठं कारण आहे.

म्हणून घरातली पुतळ्यांची माळ मोडायला काढण्याआधी एकेक पुतळी उजेडात धरा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, वजन लिहून ठेवा. घासूनपुसून लख्ख करू नका आणि कडी कापून टाकू नका. सराफ तिला तोळ्यामाशाचा भाव देईल, तो त्याचा धंदा आहे. तिच्यावर काय लिहिलंय हे घरच्यांनीच आधी वाचायला हवं. आणि रानात नांगराच्या फाळाला नाण्यांची घागर लागलीच, तर १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं. वाटून घेऊन रातोरात आटवलं, तर ते सोनं कोणत्या राजाचं, कोणत्या टांकसाळीचं आणि या रानात कुठून आलं, हे पुन्हा कुणालाही शोधता येत नाही.