म्हाताऱ्या मनीचे काय करायचे?



काही महिन्यांपूर्वी पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांसाठी कम्युनियन घेऊन उर्से गावातल्या एका घरी गेलो होतो. घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या, खाटेवरच असतात. प्रार्थना झाली, चहा आला, आणि त्यांचा मुलगा म्हणाला, "फादर, एक विचारू? हसू नका."

खाटेखाली जुन्या टॉवेलवर त्यांची मांजर मनी पडली होती. वय सोळा वर्षे. आजोबा होते तेव्हा त्यांनीच खिशात घालून आणलेले पिल्लू. तळेगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासून मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचे सांगितले होते. मानेमागची सैल कातडी उचलून तिच्याखाली सुईने सलाईन द्यायला त्यांनी नववीतल्या नातीला शिकवले होते. "हे मरेपर्यंत असेच चालू ठेवायचे, की इंजेक्शन देऊन सोडवायची? पाप नाही ना लागणार?" शेजारच्या एकाने तिसरा उपायही सांगितला होता : पोत्यात घाला आणि टोलनाक्याच्या पलीकडे सोडून या.

मी हसलो नाही. पण "मांजरच आहे हो, तुम्हांला योग्य वाटेल ते करा," असे म्हणून उठलो. मोटारसायकल सुरू करताना मला माझीच लाज वाटली. सेमिनरीत वर्षानुवर्षे तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला एका कामगाराने सरळ प्रश्न विचारला आणि त्याने तो चहाच्या कपाबरोबर खाली ठेवला. म्हणून आज त्या घरच्यांची परवानगी घेऊन लिहीत आहे.

पोत्याचे आधी सांगतो, कारण ते आपल्याकडे सर्रास चालते. सोळा वर्षे घरात वाढलेले आजारी जनावर रस्त्याकडेला सोडले, तर ते तहानेने किंवा ट्रकखाली मरते. त्यात दया नाही. आपल्याला बघावे लागू नये, एवढीच त्यात सोय आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात नीतिमान माणसाची एक खूण अशी दिली आहे की, त्याला आपल्या जनावराच्या गरजेची जाण असते. (मांजराचे नशीब मात्र बायबलमध्ये फारसे बरे नाही. बारूखच्या सहाव्या अध्यायात ते मूर्तींच्या अंगाखांद्यावर चढून बसते, तेवढाच त्याचा उल्लेख. तोबीयाचा कुत्रा निदान मालकाबरोबर प्रवासाला तरी गेला!)

दुसरा आक्षेप पैशांचा. "माणसे उपाशी मरताहेत आणि मांजराला सलाईन?" ख्रिस्तसभेच्या 1992 सालच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात या प्रश्नाला जागा दिलेली आहे. प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तिथे म्हटले आहे. पण जो पैसा आधी माणसांच्या दुःखनिवारणासाठी जायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही, असे लगेच पुढे म्हटले आहे. त्या घरात आजींची एकही गोळी चुकलेली नव्हती. ती चुकली असती तर माझे उत्तर वेगळे असते. पण हा आक्षेप घेणारे बहुतेक जण उपाशी माणसाला काही देत असतात, असा माझा अनुभव नाही.

आता मूळ प्रश्न. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते प्राण्यालाही आत्मा असतो, पण तो शरीराबरोबरच संपतो, आणि प्राण्याशी क्रूरपणे वागू नये, कारण तीच सवय पुढे माणसापर्यंत पोहोचते. हे खरे आहे, पण मला ते अपुरे वाटते. मनीची तहान मनीचीच असते. माझ्या स्वभावाला वळण लावण्यासाठी तिला ती लागलेली नसते. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्रत्येक जिवाला स्वतःचे मोल आहे, हे स्पष्टच लिहिले.

आपल्या देशात या प्रश्नाची दोन उत्तरे दिली गेली आहेत. मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, त्यावरून 1832 साली दंगल झाली, आणि 1834 साली जमशेटजी जिजीभॉय व अमीचंद शहा यांनी पांजरपोळ उभा केला. म्हातारे, लंगडे, आजारी जनावर तिथे ठेवायचे, नैसर्गिक मरण येईपर्यंत पोसायचे. दुसरे उत्तर साबरमती आश्रमातले. 1928 साली तिथे एक वासरू असह्य वेदनेत पडून होते आणि उपाय संपले होते. गांधीजींनी डॉक्टरांना बोलावून, स्वतः हजर राहून, त्याला इंजेक्शन देववले. मग ऑक्टोबरमध्ये 'यंग इंडिया'त तसे उघडपणे लिहिले. देशभरातून संतापाची पत्रे आली.

मला इथे गांधीजींचे पटते, पण अर्धेच. आजारी माणसाला आपण सांगू शकतो की हे का दुखते आहे. तो दुबईहून येणाऱ्या मुलाची वाट पाहू शकतो, भांडलेल्या भावाला क्षमा करू शकतो, आपली वेदना क्रूसावरच्या प्रभूबरोबर अर्पण करू शकतो. त्याच्या शेवटच्या दिवसांतही काहीतरी घडत असते. मनीजवळ यातले काही नाही. तिच्याजवळ फक्त आजचे दुखणे आहे. ते कमी करता येत नसेल, तर लांबवण्यात तिचा काही लाभ नाही, आणि डॉक्टरांच्या हातून ते थांबवणे पाप नाही. पण ती अजून घोटभर पाणी पिते, सकाळच्या उन्हात सरकते, हाक मारली की कान हलवते, तोवर घाई कसली? त्या वेळी इंजेक्शन कोणाच्या त्रासावर दिले जाते आहे, हे स्वतःला विचारावे.

हे मी त्यांच्या घरी पुन्हा जाऊन सांगितले. डॉक्टरांकडून कळलेल्या दोनचार गोष्टीही सांगितल्या, इथेही देतो. मांजर दुखणे लपवते, आणि दुखत असतानाही घुरघुरते, त्यामुळे घुरघुर म्हणजे समाधान असे धरू नये. आपली पॅरासिटॅमॉलची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. वेदीवर लावतो ती लिलीची फुले मांजराच्या मूत्रपिंडांना विष आहेत, ती घरी नेऊ नका.

बोलणे चालू असताना आजी गप्प होत्या. मुलगा आत गेल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, आता हिच्यात काही राहिलं नाही. फादर, माझ्यात तरी काय राहिलंय?"

महिनाभर त्या खाटेखालच्या जिवाबद्दल 'सोडवायची', 'सुटका', 'किती दिवस करायचं' असे शब्द बोलले जात होते, आणि खाटेवरचे माणूस ते ऐकत होते. कोणाच्या मनात वाईट नव्हते. गांधीजींनी पुढे लिहिले होते की, तशीच अवस्था असेल तर हाच न्याय माणसालाही लावता येईल. तिथे मी त्यांची साथ सोडतो. मी आजींना म्हणालो, "मनीचा निर्णय घरचे घेतात, कारण ती त्यांच्या राखणीत दिलेली आहे. तुमचा जीव कोणाच्या मालकीचा नाही, आजी. मुलाच्या नाही, माझ्या नाही." नको असलेली जड यंत्रे आणि उपचार नाकारता येतात, हेही सांगितले. ख्रिस्तसभा त्याला आत्महत्या म्हणत नाही.

मग त्यांना मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांच्याबद्दल सांगितले. 1973 साली झालेल्या हल्ल्यानंतर त्या जवळजवळ 42 वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या दयामरणासाठी झालेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली फेटाळली. शेवटपर्यंत सांभाळू, असे म्हणणाऱ्या तिथल्या परिचारिका होत्या. न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांना त्यांच्या अंगावर एकही जखम आढळली नाही. 2015 साली त्या वारल्या. आजींनी एवढेच विचारले, "बेचाळीस वर्षं कूस बदलत होत्या?" मी हो म्हणालो.

तीन आठवड्यांनी मनीने पाणी सोडले, रात्रभर ओरडली. सकाळी डॉक्टर घरी आले. आजींनी तिला खाटेवर मागून घेतली आणि स्वतः धरली. पेरूच्या झाडाखाली पुरली, नातीने फुले ठेवली.

मागच्या शुक्रवारी गेलो तेव्हा सून मनीचा तो टॉवेल टाकायला निघाली होती. आजींनी तो धुवायला लावला. म्हणाल्या, "राहू दे. रात्री पायांवर घ्यायला होतो."

तुमचा,
फादर