चाळिशीतला शिकाऊ



राईस मिलमध्ये पंधरा-वीस वर्षे काढलेला किंवा बाजारातले छोटे दुकान बंद करावे लागलेला माणूस चाळिशीत प्लंबिंगचे काम शिकायला निघतो, तेव्हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आता, या वयात?" या प्रश्नात काळजी थोडी आणि लाज जास्त असते. आम्हांला वाटते, लाजेचा भाग आपण लवकर निकालात काढावा. त्याच्यामागे एक अधिक अवघड प्रश्न उभा आहे. मोठ्या वयात काम शिकणाऱ्याने स्वतःला मिस्त्री केव्हा म्हणवून घ्यावे? आणि तोवर त्याच्या घरची चूल कोणी पेटती ठेवावी?

आधी लाजेविषयी. आपल्याकडे धंदा बापाकडून मुलाकडे यायचा. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, ज्याचे काम त्याच्या जन्मानेच ठरलेले. नळाचे काम या बलुत्यात कधी नव्हते, कारण गावात नळच नव्हते. २०२३ साली केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली, तिच्यातल्या १८ कामांतही प्लंबर नाही. त्यामुळे एखाद्याचा सरकारी लाभ हुकत असेल. तरी आम्हांला यात एक आनंदाची गोष्ट दिसते. जे काम कोणाच्याच वाडवडिलांचे नाही, ते शिकणाऱ्याला "हे तुझे काम नव्हे" असे कोणी म्हणू शकत नाही. ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्याच्या पट्टामुंडई भागातले प्लंबर आज देशभरच्या शहरांत भेटतात. तेही काही जातीने प्लंबर नव्हेत. एकाने दुसऱ्याला हाताखाली घेतले, त्याने तिसऱ्याला, असे करत तो धंदा तिथे रुजला.

पाण्याची जाण तर आपल्या जिल्ह्याला नवी नाहीच. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले तलाव, ज्यांना मालगुजारी गेल्यावर 'माजी मालगुजारी' आणि मग सगळे सुटसुटीत 'मामा तलाव' म्हणू लागले, ते आजही धानाला पाणी देतात. जमिनीचा उतार ओळखून पाळ घालणारी माणसे इथलीच होती. आता पाणी पाइपातून घरात येते. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले तेव्हा देशातल्या सुमारे ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ पर्यंत हा आकडा १५ कोटींच्या पुढे गेला. नळ बसवून ठेकेदार निघून जातो. पुढे वॉशर झिजतो, व्हॉल्व्ह अडकतो, सांधा सुटतो, तेव्हा गावातलाच कोणीतरी लागतो. म्हणजे काम आहे. शिकण्याची सोयही आहे : आयटीआयमध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, आणि त्याहून लहान, काही आठवड्यांचे वर्गही निघतात.

अडचण येते ती त्या काही आठवड्यांच्या नंतर.

प्लंबरचे काम बहुतेक झाकलेले असते. सुताराने दार वाकडे केले तर त्याच दिवशी दिसते. सीपीव्हीसी पाइपच्या सांध्याचे तसे नाही. सॉल्व्हंट लावायचे, पाइप फिटिंगमध्ये पूर्ण आत बसवायचा, पाव वळसा द्यायचा आणि थोडा वेळ घट्ट धरून ठेवायचा. हात लवकर सोडला तर पाइप किंचित मागे सरकतो. त्या दिवशी कोणाला काही कळत नाही. वर प्लास्टर होते, टाइल्स लागतात, मालक पैसे देतो. काही महिन्यांनी पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल धरते आणि सगळे फोडावे लागते. गिझरच्या गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप लावला तरी तेच. तो मऊ पडून सांध्यात दगा देतो. सांडपाण्याच्या पाइपाला उतार कमी पडला तर पाणी तुंबते. हे सगळे टाळायला पुस्तकातले ज्ञान लागतेच, पण त्याहून जास्त लागते ते शे-दोनशे सांधे कोणाच्या तरी नजरेखाली करणे. त्याला वेळ लागतो.

सोळा वर्षांच्या मुलाकडे हा वेळ असतो, कारण त्याचे ताट बाप वाढतो. चाळिशीतल्या माणसाच्या ताटातून चार जण जेवतात. मुलीची फी, गाडीचा हप्ता, आईची औषधे. म्हणून तो तीन महिन्यांचा वर्ग संपताच 'प्लंबर' म्हणून कार्ड छापतो आणि येईल ते काम घेतो. हे खोटे बोलणे आहे का? आम्ही म्हणू, होय, अर्धे खोटे आहे. जे येत नाही त्याचे पैसे घेणे, आणि तेही भिंतीआड लपणाऱ्या कामाचे, याला दुसरे नाव नाही. त्याची गरज खरी असली तरी ज्याची भिंत ओली होणार, त्याने ते घर कर्ज काढूनच बांधलेले असते.

पण उरलेल्या अर्ध्या खोटेपणाचा धनी कोण, हेही पाहिले पाहिजे. काम आजच्या आज हवे असते कोणाला? मिस्त्रीने शिकाऊ माणूस बरोबर आणला की "हेल्परचे वेगळे पैसे कशाला?" असे विचारतो कोण? भिंत बुजवण्याआधी लाइनची सगळी तोंडे बूच लावून बंद करावीत, पंपाने दाब द्यावा आणि मीटरचा काटा उतरतो का ते पाहावे, ही साधी रीत आहे. पण त्या वेळेला "माणसे नुसती बसून आहेत" असे म्हणणारे आपणच असतो. शिकणाऱ्याला शिकू द्यायला जो वेळ आणि पैसा लागतो, तो आपण देत नाही. मग तो आपल्या भिंतीतून वसूल होतो.

शिकण्यात आणखी एक गोष्ट अवघड असते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पंचवीस वर्षांचा मिस्त्री शिडीवरून म्हणतो, "काका, पाना द्या." शब्दात मान आहे, हुकूम मात्र हुकूमच असतो. मुलाच्या वयाच्या माणसाकडून "असे नाही, पुन्हा करा" हे ऐकून घ्यायला जी नम्रता लागते, ती पंधराव्या वर्षी फुकट मिळते आणि चाळिसाव्या वर्षी कमवावी लागते.

अशा वेळी संत योसेफाचे उदाहरण देण्याची आपली पद्धत आहे. आम्हांला ते इथे पुरेसे वाटत नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे सुतारकाम त्याच्या हातात लहानपणीच आले असणार. अधिक जवळचे उदाहरण संत इग्नेशियस लोयोला यांचे आहे. आधीचे शिपाई. १५२१ साली पांप्लोना येथे तोफगोळ्याने पाय जायबंदी झाला. १५२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते बार्सेलोनात लॅटिनचे प्राथमिक व्याकरण शिकायला बसले. हे आपण प्रवचनांत ऐकतो. त्यांची धडपड कशामुळे शक्य झाली ते मात्र क्वचितच सांगितले जाते. आर्देवोल नावाच्या गुरुजींनी त्यांना फी न घेता शिकवायचे कबूल केले, आणि इसाबेल रोसेर नावाच्या बाईंनी त्यांच्या पोटापाण्याची जबाबदारी घेतली. या दोघांशिवाय ती दोन वर्षे कशी निघाली असती, याचा विचार करून पाहावा.

आपल्या जिल्ह्यात इसाबेल रोसेरचे काम बहुधा घरातलीच बाई करते. नवरा शिकत असतो त्या वर्षी ती रोवणीला जास्त दिवस जाते, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडते, एरवी बिड्या वळते. बिडीचा हिशेब हजारावर असतो. नवऱ्याने एखाद्या घरी प्रामाणिकपणे सांगितले, "भाऊ, गिझरची लाइन मला अजून नीट येत नाही, माझ्या मिस्त्रीला बोलवा," की त्या दिवसाची मजुरी जाते. मग दिवेलागण झाल्यावरही तिच्या मांडीवरचे सूप खाली उतरत नाही.