मैदान आखणाऱ्यांचा मान

१८८७ साली शिकागोत जन्मलेल्या सॉफ्टबॉलचा ‘स्लो पिच’ हा प्रकार अमेरिकेत मुख्यतः हौशी मंडळींनी जगवला. चेंडू कमान घेत संथ येतो, म्हणून साठी उलटलेलेही खेळतात. पण मैदान आखणारा, गुण लिहिणारा, पंच म्हणून उन्हात उभा राहणारा नसेल तर सामनाच होत नाही. अशा राबणाऱ्यांचा सत्कार व्हावा म्हटलं, तर कोणी म्हणेल, हौसेला सत्कार कशाला? नुसती वर्षं मोजली तर गुणवत्तेचं काय? शंका रास्त आहे. मात्र ओक्लाहोमा सिटीतल्या राष्ट्रीय सॉफ्टबॉल हॉल ऑफ फेममध्ये खेळाडूंबरोबर पंच आणि संघटकांनाही स्थान आहे. त्यानं खेळाडूंचा मान उणावलेला नाही. शाल-श्रीफळ राहू द्या, पण वर्षानुवर्षं राबणाऱ्याचं नाव क्लबच्या फलकावर, तो हयात असतानाच, लागायला हवं.