साक्षी आणि पहारेकरी

'मन चिंती ते वैरी न चिंती' असे आपण सहज म्हणतो. पण देव्हाऱ्यापुढे हात जोडताच ज्याच्या मनात देवालाच शिवी येते, त्याचे हाल कोण जाणे. पाप घडले म्हणून तो पुन्हा आंघोळ करतो, जपमाळ पुन्हा पहिल्या मण्यापासून ओढतो. या आजाराला 'ओसीडी' म्हणतात; मराठीत त्यासाठी 'मंत्रचळ' हा शब्द आहे. मनात नुसते येणे हेच पाप आहे का? मला ते मान्य नाही. रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली निरोगी माणसांना विचारले, तेव्हा बहुतेकांनी असे ओंगळ, भलतेसलते विचार आपल्यालाही येतात असे सांगितले. त्यांना ते झटकता येतात, एवढेच. म्हणजे रोग विचारापेक्षा त्या विचाराला आपण जो अर्थ देतो त्यात अधिक आहे. मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांची उपचारपद्धती याच अर्थाला हात घालते.

मनोर नाक्यावर बोईसरच्या शिफ्टची गाडी येऊन उभी आहे, आणि मंत्रचळाने गांजलेला कामगार कुलूप ओढून बघायला चौथ्यांदा घराकडे वळला आहे, अशी कल्पना करा. आठवण कच्ची म्हणून तपासावे लागते, असे त्याला वाटते. घडते उलटे. २००३ साली व्हॅन डेन हाउट आणि किंट या संशोधकांनी संगणकावरच्या गॅसच्या शेगडीची बटणे लोकांना पुन्हा पुन्हा तपासायला लावली. त्यांची आठवण बरोबरच राहिली, पण धूसर झाली आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा उडाला.

यावर कोणी म्हणेल, विचाराला दोष नसेल तर चित्तशुद्धीला अर्थ काय? पतंजली हिंसा मोजतात ती स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि जिला आपण अनुमोदन दिले ती. मंत्रचळाने गांजलेला तर त्या विचाराने शहारतो. त्यात अनुमोदन कुठे आहे? दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: हा माणूस आधीच दिवसभर मनाकडे बघत असतो, त्याला साक्षीभावाने आणखी बघायला का सांगावे? खरे आहे, पण तो बघतो पहारेकऱ्यासारखा, येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेत. वेदान्तातला साक्षी नुसता बघतो, झडती घेत नाही. अर्थात नुसत्या साक्षीभावावर कोणाला सोडून देऊ नये. औषधे आणि भीतीला सामोरे जाऊनही ती पुन्हा पुन्हा करावीशी वाटणारी कृती न करण्याचा सराव हेच आजही मुख्य उपचार आहेत. त्या सरावात कुलूप एकदाच ओढायचे असते आणि 'लागले नसेल तर?' हा प्रश्न अनुत्तरित ठेवून गाडीत बसायचे असते.