व्याजाला पर्याय : कर्जे-हसना



व्याज हराम आहे, हे आपण जुम्याच्या खुत्ब्यात अनेकदा ऐकले आहे. परंतु सूरह अल-बकरामध्ये हा आदेश कोणत्या क्रमाने आला आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आयत 261 ते 274 मध्ये अल्लाहच्या मार्गात खर्च करण्याची शिकवण आहे. त्यानंतर 275 पासून व्याजाचा निषेध येतो. आयत 280 मध्ये अडचणीत सापडलेल्या ऋणकोला सवड देण्याची ताकीद आहे, आणि कर्ज माफ करणे त्याहूनही उत्तम ठरविले आहे. पुढे 282 मध्ये, म्हणजे कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत, कर्ज लिहून ठेवण्याचा व साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. एका बाजूला दान, दुसऱ्या बाजूला सवड व लेखी व्यवहार आणि मध्ये व्याजबंदी, असा हा क्रम आहे. आपण केवळ मधला आदेश सांगत राहिलो, तर गरीब बांधवाच्या वाट्याला मनाई येते, मार्ग येत नाही.

नागभीड परिसरातील आपल्या कुटुंबांची स्थिती या दृष्टीने पाहा. या तालुक्याचे अर्थजीवन धानावर चालते. रोवणीच्या दिवसांत मजुरी मिळते, कापणी-मळणीनंतर बाजारात पैसा येतो, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम काही दिवस आधार देतो. शिवणकाम, गॅरेज, फेरीचा धंदा वा किरकोळ दुकान करणाऱ्यांची कमाईही याच चक्राला बांधलेली असते, कारण गावाच्या हाती पैसा असेल तरच गिऱ्हाईक येते. घराच्या बांधकामाला मात्र अशी वाट पाहता येत नाही. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर छप्पर यावेच लागते.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात केंद्राच्या निकषानुसार घरकुलासाठी सर्वसाधारण भागात 1,20,000 रुपये, तर डोंगराळ व दुर्गम भागात 1,30,000 रुपये अनुदान ठरलेले आहे. राष्ट्रीय पातळीवर शक्यतो 15 टक्के निधी अल्पसंख्याकांसाठी राखावा, अशी तरतूदही त्यात आहे. पात्र कुटुंबांनी ग्रामपंचायतीत नाव नोंदवून आपला हक्क अवश्य घ्यावा. परंतु हे अनुदान एकरकमी मिळत नाही. ते हप्त्यांनी येते, आणि पुढील हप्ता मिळण्यासाठी आधी जोता, मग भिंती, मग छत असे काम उभे करून दाखवावे लागते. ज्याच्या हाती विटा-सिमेंटपुरतेही पैसे नाहीत, त्याचे घर जोत्यावरच अडते. मग तो सावकाराकडे जातो, किंवा घरातील स्त्री गटकर्ज घेऊन आठवड्याच्या हप्त्याला बांधली जाते.

हिशेब करून पाहा. शेकडा 5 रुपये दरमहा या दराने 20,000 रुपये घेतले, तर महिन्याला 1,000 आणि वर्षाला 12,000 रुपये केवळ व्याजात जातात. मुद्दल तसेच उभे राहते. परवान्याशिवाय सावकारी करणे हा 2014 च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानुसार गुन्हा आहे. तरीही गरजवंत तक्रार करीत नाही, कारण उद्या त्याला पुन्हा त्याच दारी उभे राहायचे असते.

अशा बांधवाला केवळ हरामची आठवण करून देऊन आपली जबाबदारी संपते काय? समजा, जमाअतीतील 40 कुटुंबांनी दरमहा 100 रुपये दिले, तर वर्षात 48,000 रुपये जमतात. त्यातून एका वेळी दोन घरांना 20,000 रुपये देता येतात. हप्ता आल्यावर चार महिन्यांत रक्कम परत आली, तर वर्षभरात सहा घरांचे अडलेले काम पुढे सरकते. हप्ता लांबला, तर आयत 280 नुसार सवड द्यावी, दंड लावू नये.

मात्र निधी चोख असावा. रक्कम ठेव म्हणून नव्हे, दान म्हणून घ्यावी. ठेवी स्वीकारायच्या असल्यास सहकार कायद्याखाली पतसंस्थेची नोंदणी करावी. जकात हा हक्कदाराचा हक्क आहे; ती त्याच्या मालकीची करून द्यावी, कर्ज म्हणून फिरवू नये. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जबाजारी व्यक्तीही आहे, हे सूरह अत-तौबाच्या आयत 60 वरून लक्षात घ्यावे. प्रत्येक कर्ज लिहावे, साक्षीदार घ्यावेत आणि हिशेब जमाअतीसमोर वाचून दाखवावा. देवबंद येथे 1961 साली स्थापन झालेल्या मुस्लिम फंडाने दागिने तारण ठेवून बिनव्याजी कर्जे दिली. अशी शिस्त छोट्या निधीलाही हवी.

विश्वस्तांसाठी हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांचा आदर्श पुरेसा आहे. कोणी त्यांच्याकडे ठेव ठेवू लागला, तर ती हरवण्याच्या भीतीने ते म्हणत की ही ठेव नव्हे, माझ्यावरील कर्ज समजा. त्यांच्या निधनानंतर हे ऋण 22 लाख निघाले. पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांनी ते फेडले आणि चार वर्षे हजच्या वेळी आणखी कोणाचे देणे आहे काय, अशी घोषणा केली, त्यानंतरच वारसा वाटला.

कर्ज घेणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे की एका ऋणी व्यक्तीच्या जनाज्याची नमाज पढविण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रथम नकार दिला होता. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी त्याच्या तीन दीनारांची हमी घेतल्यावरच आपण (स.) पुढे झाले. या एकाच प्रसंगात दोन धडे आहेत. कर्ज बुडविणे किती गंभीर आहे, हा पहिला. आणि बांधवाचे ओझे उचलण्यास कोणीतरी सफेतून पुढे यावे लागते, हा दुसरा.

आज आपल्या मशिदीच्या सफेत तो पुढे येणारा कोण आहे? येत्या जुम्याला हा प्रश्न इमामसाहेबांसमोर व विश्वस्तांसमोर मांडा आणि पहिले 100 रुपये स्वतः द्या. अल्लाह आपल्याला व्याजापासून वाचण्याची आणि इतरांना वाचविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.